शाखा निवडणारा कोण?



उन्हाळ्याच्या दिवसांत खामगाव-मलकापूरकडचा माणूस घाट चढून बुलढाण्यास आला की संध्याकाळी त्याला जरा बरे वाटते. मी घाटाखालचाच. तेव्हा या गार वाऱ्यात बसून आपणांशी चार शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल प्रथम चालकांचे आभार मानतो. मी कोणी शिक्षणतज्ज्ञ नाही. तीस-बत्तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात शिकविले, दरवर्षी प्रवेशाच्या खिडकीशी बसलो, आणि त्या खिडकीतून जे दिसले तेवढेच आज सांगणार आहे.

चालकांनी मला विषय दिला होता, 'विद्यार्थी व शाखेची निवड'. मी त्याचे नाव बदलून घेतले. कारण 'विद्यार्थी शाखा निवडतो' हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असले, तरी व्यवहारात ते बहुधा खरे नसते, असा माझा अनुभव आहे. क्रियापद तेच असते, कर्ता मात्र दुसराच असतो. तो कर्ता कोण, याचा आज आपण शोध घेऊ. दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या आहेत, निकाल तोंडावर आहेत. येथे बसलेल्या कित्येकांच्या घरी या घटकेला हाच प्रश्न चालू असेल. म्हणून हा शोध नुसता बौद्धिक राहणार नाही, अशी आशा आहे.

पहिला कर्ता म्हणजे अंतर. आपल्या जिल्ह्यात खामगावचे गो. से. महाविद्यालय १९४७ साली निघाले. त्यापूर्वी मॅट्रिक झालेल्या मुलाला १९२३ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजची वाट धरावी लागे, नाही तर नागपूर गाठावे लागे. काय शिकावे हा प्रश्न पुढचा होता. जाता येईल की नाही, हा आधीचा. पुढे १९८३ साली शेगावला अभियांत्रिकी महाविद्यालय झाले, त्याच वर्षी अमरावतीस विद्यापीठ झाले, आणि २०२४ साली बुलढाण्यातच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अंतर कमी झाले यात शंका नाही. पण ते सर्वांसाठी सारखे कमी झाले काय? मुलगा अकोल्याला, लातूरला, पुण्याला खोली करून राहतो. मुलगी मात्र जी एस.टी. दिवेलागणीच्या आत गावात परत आणते, त्या एस.टी.च्या वाटेवर जी शाखा असेल ती शिकते. रजिस्टरात आम्ही लिहितो की अमुक विद्यार्थिनीने कला शाखा निवडली. खरे म्हणजे ती शाखा साडेपाचच्या गाडीने निवडलेली असते. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी २०२४ पासून राज्य सरकारने माफ केली. ही मोठीच गोष्ट झाली. पण फी माफ झाली म्हणजे गाडीची वेळ बदलत नाही, आणि वसतिगृहाविषयीची आईच्या मनातली धास्तीही जात नाही.

दुसरा कर्ता म्हणजे गुण. खामगावच्या बाजारात कापसाची प्रत लावतात, तशी आम्ही मुलांची प्रत लावतो. वरच्या प्रतीचा माल विज्ञानाला, मधला वाणिज्याला आणि उरलेला कलेला. मी 'उरलेला' हा शब्द मुद्दाम वापरतो, कारण खिडकीशी उभे राहून पालक तोच वापरीत. इतिहास, अर्थशास्त्र, मराठी, तर्कशास्त्र ही उरलेल्यांची शास्त्रे असे एकदा ठरले, की हुशार मुलगा तिकडे पाहत नाही. आणि जो जातो तो मान खाली घालून जातो. एक कोरी खंत घेऊन तो वर्गात बसतो. शिक्षकालाही वाटू लागते की, आपल्यापुढे नाकारलेली मुले बसली आहेत. यात मुलाचे नुकसान होते, तसे त्या विषयाचेही होते.

तिसरा कर्ता फार बलवान आहे. तो म्हणजे भाव. आपण शेतकऱ्यांच्या जिल्ह्यातील माणसे, म्हणून ही गोष्ट शेतीतूनच सांगतो. २०१५ साली किरकोळ बाजारात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली. दुसऱ्या हंगामात जो तो तूर पेरू लागला. पाऊसही चांगला झाला, पीक उदंड आले, आणि २०१७ च्या आरंभी भाव हमीदराच्या खाली उतरला. खरेदीकेंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या, आणि शेतकरी आपल्या पोत्यांवर झोपला. चूक कोणाची? ज्याने पेरले त्याने गेल्या वर्षीचा भाव पाहून पेरले. विकताना मात्र भाव या वर्षीचा होता.

शाखेच्या बाबतीत आपण हेच करतो. रिचर्ड फ्रीमन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली अभियंत्यांविषयी एक लेख लिहिला. अभियंत्यांचे पगार चढले की मुले त्या शिक्षणाकडे धाव घेतात, चार-पाच वर्षांनी सारी एकदम बाहेर पडतात, पगार उतरतात, मग पुढची मुले पाठ फिरवितात, आणि काही वर्षांनी पुन्हा टंचाई होते. अर्थशास्त्रात या फेऱ्याला कोळ्याच्या जाळ्याची उपमा देतात. फ्रीमनने सांगितलेले आपल्या तूरवाल्या शेतकऱ्याला एका वाक्यात कळेल, इतके ते जुने दुखणे आहे. आणि तुरीचे पीक एका हंगामात हाती येते. पदवीचे पीक यायला चार-सहा वर्षे लागतात. म्हणजे भाव फिरायला अवधी कितीतरी अधिक.

डी.एड.ची लाट आपणांस आठवत असेल. दोन वर्षे शिकले की शिक्षकाची नोकरी, असे गणित होते. गावोगावी डी.एड. विद्यालये निघाली. शेत विकून, मंगळसूत्र गहाण ठेवून मुलांना तेथे घातल्याची उदाहरणे मला ठाऊक आहेत. २०१० नंतर शिक्षकभरती कित्येक वर्षे जवळजवळ थांबली, आणि २०१७ साली अभियोग्यता परीक्षा झाली तोवर या मुलांची उमेदीची वर्षे निघून गेली होती. ज्या विद्यालयांत प्रवेशासाठी वशिला लागे, ती ओस पडली. अभियांत्रिकीचेही तसेच झाले. १९८३ पासून राज्यात खाजगी महाविद्यालये निघत गेली, आणि एका काळी जागा मिळणे हा पुरुषार्थ वाटे. पुढे जागा रिकाम्या राहू लागल्या. आता संगणकशास्त्राच्या नावाने पुन्हा झुंबड आहे. ती चूक आहे असे मी म्हणत नाही. आजचा भाव हा आजचा आहे, एवढेच ध्यानात ठेवावे.

चौथा कर्ता म्हणजे शेजार. काकाचा मुलगा, मामाची मुलगी, गल्लीतला दादा. त्यात आता शिकवणीच्या वर्गांच्या फलकांची भर पडली आहे. अकोल्यास गेलात तर चौकाचौकांत यशस्वी मुलांची छायाचित्रे दिसतील. ती खरी असतात. पण त्या फलकावर न आलेल्या मुलांचा फलक कोणी लावीत नाही. दोन-दोन वर्षे 'नीट'ची परीक्षा पुन्हा पुन्हा देऊन मुकाट्याने गावी परतलेला मुलगा कोणत्या चौकात दिसतो? तो घरात असतो, आणि पाहुणे आले की आतल्या खोलीत जातो. नुसती जिंकलेली माणसे पाहून काढलेला अंदाज खरा कसा ठरावा?

आणि पाचवा कर्ता नवा आहे. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला. आमची ती खिडकी गेली. अर्जात दहा महाविद्यालयांपर्यंत पसंती देता येते. ही सोय चांगली. पण खेड्यातला बाप तो अर्ज स्वतः भरू शकत नाही. तो तालुक्याला संगणकवाल्याकडे जातो आणि म्हणतो, "भाऊ, चांगलं कोनतं ते टाकून द्या." तो भाऊ दहा नावे टाकून देतो. एका आयुष्याची दिशा मागच्या गिऱ्हाइकाची घाई पाहून ठरते.

श्रोतेहो, इतके सांगितल्यावर बापाला दोष देणे सोपे आहे. वर्तमानपत्रांतून हा उपदेश नेहमी वाचावयास मिळतो की पालकांनी अपेक्षा लादू नयेत, मुलांना आवडीप्रमाणे शिकू द्यावे. हा उपदेश पोटभर जेवलेल्या माणसाने उपाशी माणसाला केलेला असतो. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांच्या शेतकऱ्यांसाठी विशेष योजना जाहीर केली, त्यांत आपला बुलढाणा होता. ती योजना का आली, हे या सभेत सांगावयास नको. नांदुऱ्याकडचा एक पालक मला म्हणाला होता, "सर, पोराले सायन्सले टाकून देतो. आमच्यावानी मातीत नको जाऊ त्यानं." त्या माणसाला विज्ञानाशी काही देणेघेणे नव्हते. त्याला आपला मुलगा जिवंत आणि सुखरूप हवा होता. त्याच्या दृष्टीने विज्ञान शाखा म्हणजे मातीतून वर चढण्याची शिडी होती. त्याची भाकरीची चिंता हीन नाही. ती ज्याला हीन वाटते, त्याने शाखेविषयी बोलूच नये.

आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्याविरुद्ध जाते. पुष्कळ वर्षे झाली. घाटावरच्या एका खेड्यातील मुलगा दहावीला उत्तम गुण मिळवून आला. कला शाखेचा अर्ज त्याने भरला होता. त्याला भूगोल घ्यावयाचा होता. मी अर्ज पाहिला आणि वडीलकीच्या सुरात म्हटले, "अरे वेड्या, तुझ्यासारख्याने आर्ट्‌सला जायचे नसते." तो काही बोलला नाही. मीच त्याचा अर्ज बदलून दिला, आणि एका मुलाचे कल्याण केले अशा समाधानाने घरी गेलो. बारावीला तो गणितात गेला. दुसऱ्यांदा बसला, पुन्हा गेला. मग शिक्षण सुटले. दहा-बारा वर्षांनी एका लग्नात भेटला. विहिरी आणि बोअर यांची कामे घेतो, म्हणाला. गावोगावचे दगड, पाण्याचे झरे, कोणत्या नाल्याला कोठे मुरूम लागतो हे त्याला तोंडपाठ. मी विचारले, "हे सारे कोठे शिकलास?" तो म्हणाला, "सर, हेच तर शिकायचं होतं. तुम्ही त्या दिवशी मला 'का' असं एकदा विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं." त्याने हे रागाने म्हटले नाही. वाढप चालू होते, तो मला जिलबी वाढण्यास सांगत होता. मला मात्र तो घास गिळला नाही.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट शिकलो. मी त्या मुलाला गुणांवरून ओळखीत होतो, आणि भूगोलाला त्याच्या बाजारभावावरून. दोघांचीही माझी खरी ओळख नव्हती. माझे आजचे सांगणे एवढेच आहे: ओळखीवाचून निवड होत नाही. ज्याची ओळखच नाही, ते माणूस निवडीत नाही; तो फक्त ढकलला जातो. मुलाला 'तुझी आवड काय' म्हणून विचारतो, तेव्हा ज्या चार गोष्टी त्याने पाहिल्या त्यांतलीच एखादी तो सांगणार. आवड ही जन्मपत्रिकेत लिहून येत नाही. भेटीगाठींतून ती जुळते, आणि क्षुल्लक कारणाने मोडतेही.

किती क्षुल्लक कारणाने, ते पाहा. अमेरिकेत वेस्ट पॉइंट येथे लष्करी अधिकाऱ्यांचे विद्यापीठ आहे. तेथे पहिल्या वर्षाचे विषय सर्वांना सारखे असतात आणि तासांच्या वेळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा वाटल्या जातात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, जो विषय पहाटेनंतरच्या अगदी पहिल्या, साडेसातच्या तासाला वाट्यास आला, तो पुढे मुख्य विषय म्हणून घेण्याचा संभव सुमारे दहा टक्क्यांनी घटला. विद्यार्थी झोपेने पेंगत होता, आणि त्याला वाटले की विषयच कंटाळवाणा आहे! तेथीलच हवाई दलाच्या विद्यापीठाविषयी २०१० साली दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. गणितात हुशार असलेल्या मुलींना आरंभीच्या वर्गांत गणित-विज्ञान शिकवावयास स्त्री-प्राध्यापिका लाभल्या, तर त्या मुली पुढे त्या शास्त्रांत टिकून राहण्याचे प्रमाण पुष्कळ वाढले. मुलांवर प्राध्यापक स्त्री की पुरुष याचा फारसा परिणाम दिसला नाही. 'हे आपल्यासारखीला जमते' हे डोळ्यांनी पाहणे, ही सुद्धा एक ओळखच होय.

आपल्याकडे ओळख करून देण्याजोगे काही नाही, असे समजू नका. लोणारचे सरोवर आपल्या जिल्ह्यात आहे. आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर पडावे, ही जगात विरळा घटना. २०२० साली रामसर यादीत त्याची नोंद झाली. देशोदेशींचे भूशास्त्रज्ञ ते पाहावयास येतात. आपण मुलांना सहलीला नेतो, पोह्याचे डबे सोडतो, देवळे पाहून परततो. त्या दगडाचा अभ्यास करणे हाही एक व्यवसाय आहे, हे किती मुलांच्या कानावर पडते? देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या बाजूस शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन चालते. तेथील बाया कळीतील पुंकेसर हलक्या हाताने काढतात आणि दुसऱ्या वाणाचा पराग लावतात. आई दिवसभर संकर घडवून आणते, आणि लेक रात्री गाइडातून मेंडेलचे नियम पाठ करते! त्या दोघींची गाठ कोणी घालून दिली, तर त्या लेकीला वनस्पतिशास्त्र परके वाटणार नाही.

याच जिल्ह्यातील दोन माणसे आठवा. मलकापूर तालुक्यातील नरवेल येथे १९०८ साली विष्णु भिकाजी कोलते जन्मले. त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पण आयुष्य दिले ते मराठीच्या संशोधनाला. महानुभावांच्या पोथ्या, त्यांच्या सांकेतिक लिपी, त्यांतले जुने मराठी! यात 'स्कोप' काय, असे त्या वेळी कोणी विचारले असते तर उत्तर देणे कठीण होते. त्यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' १९७८ साली राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने काढले, आणि ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. आज मलकापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला नाव आहे ते या मराठीच्या संशोधकाचे. यंत्रे शिकणारी मुले रोज त्या नावाखालून आत जातात. त्यांतल्या एकाने जरी थांबून 'हे कोण होते' असे विचारले, तरी पुष्कळ झाले. दुसरे मेहकरचे ना. घ. देशपांडे. त्यांनी वकिली केली आणि कविता लिहिली. 'शीळ' हा संग्रह १९५४ साली निघाला, आणि 'खूणगाठी'ला १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शाखा ही आयुष्याची कुंडली नव्हे, हे त्यांच्याकडून शिकावे. पोटाची विद्या आणि मनाची विद्या एकच असली तर भाग्य. नसली तरी दोन्ही जगता येतात.

मग करावयाचे काय? मोठ्या योजना सांगणार नाही. प्रत्येक महाविद्यालयाने वर्षातून दोन दिवस आपली प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि वर्ग आसपासच्या नववी-दहावीच्या मुलांना मोकळे ठेवावेत, आणि त्यांत मुलींच्या परतीच्या गाडीची सोय आधी करावी. गावातून शिकून गेलेल्यांनी सुटीत घरी आल्यावर शाळेत जाऊन तासभर बोलावे. परिचारिका, सर्वेक्षक, बँकेतला कारकून, भाषांतरकार, साऱ्यांनी बोलावे. आणि ज्यांचे बेत फसले त्यांनीही बोलावे, कारण त्यांचे शब्द मुले अधिक मन लावून ऐकतात. शिक्षकांनी अर्ज बदलण्यापूर्वी 'का' हा एक अक्षरी प्रश्न विचारावा. पालकांनी टक्के विचारावेत, पण त्याबरोबर हेही विचारावे की, "बाळ, कोणत्या तासाला वेळ कसा गेला ते कळत नाही?" आणि त्या तासाचे गुरुजी चांगले म्हणून विषय आवडतो, की विषयच आवडतो, हेही पारखून पाहावे.

शिवाय चूक झाली तर परतीची वाट असावी. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांतही मुख्य विषय आणि गौण विषय, मुलांच्या भाषेत मेजर आणि मायनर, आले आहेत. विज्ञानाच्या मुलाला दुसऱ्या शाखेतले काही शिकता यावे, मध्येच थांबावे लागले तर वर्षाप्रमाणे प्रमाणपत्र किंवा पदविका हाती पडावी, अशी त्यात तरतूद आहे. कागदावर हे दार रुंद झाले. पण ज्या महाविद्यालयात शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, तेथे 'कोणताही गौण विषय घ्या' याचा अर्थ 'जो शिकवणारा आहे तो घ्या' असाच होईल. तेव्हा त्या जागा भरण्याचा आग्रह आपण पालकांनी धरला पाहिजे. रस्ता आणि पाणी मागतो, तसा शिक्षक मागितला पाहिजे.

मी आरंभी विचारले होते, शाखा निवडणारा कोण? अंतर, गुण, भाव, शेजार आणि संगणकवाला, असे पाच कर्ते आपण पाहिले. हे पाचही जण उद्या नाहीसे होणार नाहीत. गरिबी आहे तोवर भाव पाहावाच लागेल. पण त्या पाचांच्या पंक्तीत सहावे पान त्या मुलाचे मांडा, त्या मुलीचे मांडा, आणि वाढताना आधी त्यांना विचारा. शेतकरी पेरणीपूर्वी भाव पाहतो, पण त्याआधी तो ढेकूळ हातात घेऊन फोडून पाहतो. एवढे आपण मातीसाठी करतो. आपल्या लेकरासाठी नक्कीच करू शकू.

तो विहिरीवाला मुलगा आता मुलगा राहिलेला नाही. त्याची मुलगी यंदा दहावीला बसली आहे. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, "सर, पोरीशी एकदा बोला." निकाल लागल्यावर ती दोघे माझ्याकडे येणार आहेत. या वेळी मी आधी ऐकणार आहे.